मुंबई जवळ आली म्हणतात!



मुंबई जवळ आली, असे वऱ्हाडाला सध्या उठता-बसता सांगितले जाते. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा तुकडा खुला झाला आणि नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला, असे फलक चौकाचौकांत लागले. त्याच्या आधी १६ एप्रिलला अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईचे विमान उडाले. १० ऑगस्टला अजनी-पुणे वंदे भारत सुरू झाली. ती बडनेऱ्याला थांबते, अकोल्यालाही थांबते. एका वर्षात तीन वाटा उघडल्या. पुढाऱ्यांनी प्रत्येक वाटेवर नारळ फोडला आणि वऱ्हाडचे मागासलेपण संपल्याचे जाहीर करून टाकले.

रस्त्याला आमचा विरोध नाही. घरचा पेशंट घेऊन मुंबईच्या टाटा रुग्णालयात जाणाऱ्या माणसाचे चार तास वाचले तर आम्हाला आनंदच आहे. पुण्याला शिकणारी पोरगी दिवाळीत लवकर घरी पोचली तर त्यात वाईट काय? पण हा हिशेब माणसाच्या प्रवासाचा झाला. वऱ्हाडात माणसांपेक्षा जास्त प्रवास कापूस करतो, सोयाबीन करते, तूर, हरभरा आणि संत्रा करतात. त्यांना मुंबई किती जवळ आली, हे कोणत्याही फलकावर लिहिलेले नाही. विमानात कापसाची गंजी बसत नाही आणि वंदे भारतात तुरीचे पोते चढत नाही. उरला समृद्धी महामार्ग. तिथे ट्रॅक्टरला बंदी आहे. ज्यांच्या वावरातून तो रस्ता गेला त्यांच्याच ट्रॅक्टरला बंदी! अकोला जिल्ह्याला तर तो शिवलाच नाही. दहा जिल्ह्यांतून जातो, त्यात अमरावती आहे, वाशीम आहे, बुलडाणा आहे, अकोला नाही. अकोल्याच्या माणसाला समृद्धीवर चढायचे तर आधी कारंजा नाहीतर मालेगाव गाठावे लागते. अकोट-तेल्हाऱ्याच्या कास्तकाराने तो रस्ता फक्त वर्तमानपत्रातच पाहावा.

मग कोणी म्हणेल, ट्रॅक्टर नाही तर नाही, ट्रक तर जातो ना? जातो. डिसेंबर २०२२ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा मोटारीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे टोल होता आणि दोन आसांच्या ट्रकला ५ रुपये ८५ पैसे. १ एप्रिल २०२५ पासून तो दर आणखी वाढला. मोटारीला ताशी १२० किलोमीटरची मुभा, मालाच्या गाडीला ८०. म्हणजे मालगाडीने तिपटीहून जास्त पैसे द्यायचे आणि दोन तृतीयांश वेगाने जायचे. जड गाडीने रस्ता जास्त झिजतो, हे आम्हाला कबूल आहे. पण मग 'आठ तासांत मुंबई' हा फलक मोटारवाल्यासाठी आहे एवढे तरी त्याच्यावर लिहा.

आता खरा प्रश्न. ट्रकचे भाडे आणि टोल भरतो कोण? ट्रकवाला नाही, तो व्यापाऱ्याकडून घेतो. व्यापारीही नाही. जिनवाला रुईच्या गाठीचा मुंबईचा भाव धरतो, त्यातून गाडीभाडे, हमाली, तोलाई, दाबाईचा खर्च, घट आणि स्वतःचा नफा वजा करतो आणि जे उरते ते आपल्याला 'बाजारभाव' म्हणून सांगतो. जगातला प्रत्येक कारखानदार भाडे किमतीत मिळवतो. सिमेंटची गोणी गावात येते ती भाडे चढवून येते, खताची बॅग भाडे चढवून येते, कपाशीच्या बियाण्याची पिशवीसुद्धा तशीच येते. आणि कापूस गावातून जातो तो भाडे कापून जातो. येणाऱ्या मालाचे भाडे आपण भरतो आणि जाणाऱ्या मालाचेही आपणच भरतो. म्हणून अंतर हा आपल्या भावातला सगळ्यात जुना आणि न दिसणारा कर आहे. पावती कुठेच मिळत नाही, वसुली मात्र दर क्विंटलला होते.

हा कर सगळ्यात जड कुठे बसतो? मुंबईच्या वाटेवर नाही. तो बसतो वावरापासून गावापर्यंतच्या दोन किलोमीटरवर.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, पुरुषपुरुषभर काळी माती. उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. मुरूम जवळपास नाही, गिट्टी लांबून आणावी लागते. अशा जमिनीतली पांदण जुलै ते ऑक्टोबर बंद असते, आणि नेमक्या ऑक्टोबरात सोयाबीन सोंगणीला येते. वर परतीचा पाऊस. ट्रॅक्टर वावरात जात नाही, गेला तर निघत नाही, हार्वेस्टरवाला पांदण पाहूनच माघारी वळतो. मग कुडी बांधायची, बायांच्या डोक्यावर गठ्ठे द्यायचे आणि पक्क्या रस्त्यापर्यंत आणायचे. त्याची मजुरी वेगळी. दोन दिवस उशीर झाला की गंजीखाली कोंब फुटतात, दाणा काळा पडतो आणि बाजारात तोच दाणा दाखवून भाव पाडला जातो. समृद्धीचा हिशेब लावला तर ७०१ किलोमीटर आठ तासांत, म्हणजे आमचे दोन किलोमीटर दीड मिनिटात संपले पाहिजेत. इथे अर्धा दिवस जातो आणि कधी कधी अख्खे पीक जाते.

तंत्र नाही म्हणून हे असे आहे, असे कोणी सांगू नये. अमरावती-अकोला हाच रस्ता घ्या. सुमारे शंभर किलोमीटर. चौपदरीकरण वर्षानुवर्षे रखडले होते. खड्डे चुकवता चुकवता एस.टी.चे आणि माणसांचे कंबरडे मोडत होते. आणि मग ३ ते ७ जून २०२२ या दिवसांत लोणी ते माना या ७५ किलोमीटरच्या पट्ट्यावर १०५ तास ३३ मिनिटांत डांबरीकरण करून गिनीज बुकात विक्रम नोंदवला गेला. खालचा भराव आणि खडी आधी झालेली होती, एकाच मार्गिकेचे डांबर होते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी कामगारांचे आणि इंजिनिअरांचे कौतुक केलेच पाहिजे. जूनच्या उन्हात रात्रंदिवस डांबर ओतणे खेळ नव्हे. पण त्या विक्रमाने एक गोष्ट सिद्ध करून ठेवली. करायचे ठरले तर रस्ता तासांत होतो. त्याच दराने दोन किलोमीटरची पांदण तीन तासांत व्हावी. सरकारची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना २०२१ पासून कागदावर आहे. आपल्या गावात तिच्यातून किती मीटर मुरूम पडला, हे ज्याने त्याने जाऊन मोजावे.

इथे थोडे घरातलेही बोलू. सगळ्या पांदणी सरकारने गिळलेल्या नाहीत. नकाशावर तीस फूट असलेली पांदण दोन्हीकडच्या धुरेकऱ्यांनी दर नांगरटीला एकेक तास सरकवत बैलगाडीच्या चाकोरीएवढी करून ठेवली आहे. सरकारने भाव लुटला म्हणून ओरडायचे आणि शेजाऱ्याचा रस्ता आपणच नांगरायचा, हे चालणार नाही. कायदा आहे. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तहसीलदार वहिवाटीच्या रस्त्यातला अडथळा काढून देऊ शकतो. वावराला रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली धुऱ्यावरून रस्ता मागता येतो. पण अर्ज पडून राहतात, तारखांवर तारखा पडतात आणि भाऊबंदकीची अपिले वाढत जातात. गावाने एकत्र बसून धुरे सरकवून घेतले तर तहसीलदाराची गरजही पडत नाही.

आता जरा मागे जाऊन पाहू, कारण 'रस्ता आला की समृद्धी येते' हे गाणे वऱ्हाडाने पहिल्यांदा ऐकलेले नाही. आगगाडीच्या आधी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर जात होता. लमाणांचे तांडे तो गंगेकाठी मिर्झापूरपर्यंत नेत. १८४२ साली अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांचे ओझे होईल एवढा कापूस खुष्कीच्या वाटेने कलकत्त्याला पाठवला, अशी नोंद इंग्रजी गॅझेटियरात आहे. महिनेच्या महिने लागत. मग अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि इंग्रजाला वऱ्हाड आठवला. १८६७ साली मुंबई-नागपूर रेल्वे पुरी झाली. १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला आणि जलंबपासूनचा तेरा किलोमीटरचा फाटा खुला झाला. एवढ्याशा फाट्यासाठी व्हाइसरॉय कशाला आला असेल? खामगावच्या माणसाला शेगावच्या गाडीत बसवायला नव्हे. तिथला कापूस मुंबईच्या गोदीत पोचवायला.

मुंबई तेव्हाही जवळ आली होती! महिन्यांचा प्रवास दिवसांवर आला. वेळ वाचला, त्याचा फायदा मँचेस्टरला झाला, मुंबईच्या दलालांना झाला, अमरावती-अकोल्यात जिनांची धुराडी उभी राहिली, सावकारांचे वाडे चढले. १८९९-१९०० च्या दुष्काळात मात्र रेल्वे असलेल्या याच वऱ्हाडात माणसे अन्नावाचून मेली. आगगाडीने माल न्यायची सोय केली होती, भाव द्यायची नव्हे. वाहतुकीचा खर्च घटला की तो फायदा कोणाकडे जातो, हे रस्त्यावर ठरत नाही. माल घेणारे किती आहेत आणि विकणाऱ्याला मोकळीक किती आहे, यावर ठरते. घेणारा एकच असेल तर रस्ता सोन्याचा केला तरी वाचलेले भाडे घेणाऱ्याच्याच खिशात जाणार.

आणि मोकळीक किती होती, ते आठवा. १९७१ चा कायदा करून महाराष्ट्र सरकारने एकाधिकार कापूस खरेदी आणली. पुढची तीस वर्षे वरुडच्या शेतकऱ्याला पांढुर्णा हाकेच्या अंतरावर असूनही विलायतेपेक्षा दूर होते. पलीकडे मध्य प्रदेशात भाव जास्त असला तरी सरहद्दीवर नाके होते. स्वतःच्या वावरात पिकलेला कापूस स्वतःच्या बंडीतून नेणारा शेतकरी चोर ठरत होता. रात्री, आडवाटेने, कंदील विझवून माल न्यावा लागत होता. नदीनाल्याने, डोंगराने पाडलेले अंतर पुलाने आणि घाटाने मिटते. सरकारने कागदावर पाडलेले अंतर कोणत्याही पुलाने मिटत नाही.

ते दिवस गेले, एकाधिकार गेला, असे म्हणून निश्चिंत होऊ नका. रीत बदलली आहे, एवढेच. २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीन, हरभऱ्यासह सात शेतमालांचे वायदे बंद केले आणि पुढे बंदीला मुदतवाढ देत गेले. पुढच्या तीन महिन्यांत भाव कुठे जाईल याचा जो अंदाज अकोल्याच्या शेतकऱ्याला घरबसल्या फोनवर दिसू शकत होता, तो पुसून टाकला. एवढ्या तारा, एवढे मनोरे, पण भावाची बातमी पुन्हा अडत्याच्या गादीवर जाऊन ऐकायची!

त्याहून मोठा घाव २०२५ चा. १९ ऑगस्टला केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, नंतर ३१ डिसेंबरपर्यंत वाढवले. ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे आपली पहिली-दुसरी वेचणी घरात येते ते नेमके महिने. हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० जाहीर होता आणि खुल्या बाजारात बोली त्याच्या खाली लागत होती. ब्राझीलचा, अमेरिकेचा कापूस सातासमुद्रापलीकडून येऊन बंदरावर कराशिवाय उतरला. त्याचे अंतर सरकारने कमी केले. आणि आपल्याला काय मिळाले? मोबाईलवर 'कपास किसान' नावाचे ॲप. आधी नाव नोंदवा, सातबारा चढवा, मग दिवस मिळेल, मग माल आणा. आणल्यावर ओलावा आठ टक्क्यांवर असेल तर पैसे कापणार आणि बारा टक्क्यांवर गेला तर गाडी परत. परत म्हणजे काय? जायचे भाडे गेले, यायचे भाडे गेले, रात्रभर खरेदी केंद्राच्या फाटकाबाहेर दव खाऊन कापूस आणखी ओला झाला आणि वाटेत जो जिनवाला भेटेल त्याला, तो म्हणेल त्या भावाने देऊन मोकळे व्हायचे. तीस किलोमीटरचे साठ किलोमीटर झाले. हे कोणत्या फलकावर लावणार?

पाहा, मुंबईपासून अकोला रेल्वेने साधारण ५८४ किलोमीटर आहे. १८६७ सालीही जवळपास तेवढेच होते. पण आपल्याला फक्त मुंबईच्याच दिशेने का जायला सांगतात, हेही विचारू. वऱ्हाडची उत्तरेची वाट कोणी बंद केली? अकोला-खंडवा मीटर गेज गाडी अकोट, धूळघाट करत सातपुडा ओलांडून निमाडात उतरत होती, १७४ किलोमीटर. रुंदीकरणासाठी म्हणून जानेवारी २०१७ मध्ये ती बंद झाली. अकोला-अकोट तुकडा मोठा होऊन नोव्हेंबर २०२२ मध्ये गाडी सुरू झाली, पुढचा मार्ग रखडला. मेळघाटातून जुन्याच वाटेने न्यायचे की हिवरखेड-सोनाळ्याकडून वळसा घालायचा, यावर कागद फिरत राहिले. वाघाला जागा हवी हे आम्ही नाकारत नाही. वळसा घ्यायचा तर घ्या. त्या बाजूच्या गावांनाही रेल्वे मिळेल. पण ठरवा! आज अकोल्याहून खंडव्याला रेल्वेने जायचे तर भुसावळला जाऊन वळावे लागते, नव्वद किलोमीटर जास्त. अकोटचा केळीवाला, अंजनगावचा पानपिंपरीवाला इंदूर-दिल्लीचा बाजार धरायला पाहतो त्याला हे नव्वद किलोमीटर कोणी विनाकारण लावले आहेत.

आपल्या शकुंतलेबद्दल काय बोलावे! यवतमाळ-मूर्तिजापूर ११३ किलोमीटर, मूर्तिजापूर-अचलपूर ७६. दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव या कापसाच्या गावांना जोडणारी गाडी एका इंग्रजी कंपनीने घातली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन तिने १९९४ पर्यंत चालवले. डिझेल आले तरी चाल तीच होती, पण गरिबाचे तिकीट होते, भाजीची पाटी चढत होती. आता रूळ गवतात गेले आहेत. निवडणूक आली की रुंदीकरणाची घोषणा होते. मुंबईला आठ तासांत पोचवणाऱ्यांना अचलपूरचा माणूस यवतमाळला किती तासांत पोचतो, हे विचारायची कोणाला गरज वाटत नाही. तिथे त्यांचा काही माल अडकलेला नाही.

कागदाच्या अंतराबद्दलही एक शब्द. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात असे ठरले की सरकार वर्षातला काही काळ नागपूरला येऊन बसेल आणि विधिमंडळाचे एक अधिवेशन तिथे होईल. म्हणजे आपण मुंबईला जायचे नाही, सरकारने यायचे. २०२४ साली हिवाळी अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर चालले. सहा दिवस! तेवढ्या दिवसांत खरेदी केंद्रावरचा नंबरही लागत नाही. वैधानिक विकास मंडळ १९९४ साली आले, ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. अनुशेष मोजणारेच राहिले नाहीत. १९८४ साली दांडेकर समितीने रस्त्यांचाही अनुशेष काढला होता, पण किलोमीटरांत. वावरापासून काट्यापर्यंतचे तास कोणत्याही समितीने आजवर मोजलेले नाहीत.

म्हणून हे मोजमाप आपण करायचे आहे. जिल्हा मेळाव्याला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावातल्या पाच शेतकऱ्यांचा या हंगामातला माल घ्या. एक खारपाणातला, एक डोंगरपायथ्याचा, एक बाईच्या नावे सातबारा असलेला असा निवडा. वावरातून माल निघाल्याचा दिवस आणि वेळ, पक्क्या रस्त्याला लागल्याची वेळ, फाटकाबाहेर थांबलेले तास, काट्यावर चढल्याची वेळ आणि पैसे हातात पडल्याची तारीख लिहा. बंडी, ट्रॅक्टर, मेटाडोर यांचे भाडे आणि डोक्यावरून वाहिलेल्या गठ्ठ्यांची मजुरी वेगळी लिहा. माल परत आणावा लागला असेल तर ते भाडे लाल शाईने लिहा. वजनकाट्याची पावती असेल तर तिची झेरॉक्स जोडा. पांदणीचा अर्ज तहसीलमध्ये पडला असेल तर अर्जाची तारीखही टाका. तालुकाप्रमुखांनी हे कागद मेळाव्याच्या आदल्या दिवशी एकत्र करून आणायचे आहेत. अमरावती आणि अकोला दोन्ही जिल्ह्यांचे कागद एकाच तक्त्यावर मांडून तो तक्ता आधी मंडपाच्या दारात लावू आणि मेळावा संपल्यावर तिथून उचलून विभागीय आयुक्तांच्या दारात नेऊ. ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांनी ट्रॅक्टर घेऊनच या.